गाडीच्या सीटनं कंबर धरलीय? उशी मागवण्याआधी हे करून बघा

कोल्हापूरहून पुण्याला निघालेला माणूस किणीचा टोलनाका ओलांडेपर्यंत मजेत असतो. पेठनाका मागं पडला की चुळबुळ सुरू होते, कराडला उतरताना दाराला धरून उभं राहावं लागतं, आणि पुण्यात पोचल्यावर पहिली पावलं वाकूनच पडतात. अंतर जेमतेम २३० किलोमीटर. पण सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात गेली काही वर्षं लागणारे वळणरस्ते, खाचा आणि अचानक मारावे लागणारे ब्रेक यांनी कमरेची परीक्षा होते. आंबा घाटानं रत्नागिरीला किंवा गगनबावड्यावरून करूळ घाटानं कोकणात उतरणाऱ्यांना खड्ड्यांबरोबर वळणंही सोसावी लागतात. ऊसतोडीच्या हंगामात तर ट्रॉल्यांच्या मागं क्लच दाबून-सोडून डावा कुल्ला भरून येतो.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय एकच असतो: ऑनलाइन उशी मागवायची. माझं म्हणणं असं, की उशी सगळ्यात शेवटी. आधी बसायची रीत, मग सीटची तपासणी, मग वाटेतली उठबस, आणि एवढं करूनही दुखणं उरलं तर उशी. सीट चुकीची लावलेली असताना तिच्यावर ठेवलेली उशी दुखणं फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवते.

आधी नेमकं कुठं दुखतं ते ओळखा

"कंबर दुखते" एवढ्यावर थांबू नका. पुढच्या प्रवासात नीट लक्ष द्या: कुठं, किती वेळानं, आणि उतरल्यावर किती वेळात कमी होतं.

कमरेच्या मधोमध, पट्ट्याच्या रेषेत, अर्ध्या-पाऊण तासानं सुरू होणारी आणि उतरून चार पावलं चाललं की ओसरणारी कळ असेल, तर तुम्ही सीटमध्ये घसरून, पोक काढून बसताय. एकाच कुल्ल्यात दुखत असेल, मांडीच्या मागून मुंग्या येत असतील, तर आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. गाडी चालवताना मागच्या खिशात काहीही नको, अगदी रुमालाची जाड घडीसुद्धा. पाकीट काढूनही तेच होत असेल तर सीट एका बाजूला बसली असण्याची शक्यता मोठी. माकडहाडावर टोचत असेल तर फोम संपलाय. मांडीचा खालचा भाग बधिर होत असेल तर सीटची पुढची कड तुमच्या पायांच्या मानानं उंच आहे. दोन खांद्यांच्या मध्ये आणि मानेत भरून येत असेल तर स्टिअरिंग लांब पडतंय, म्हणून तुम्ही पाठ सोडून पुढं ओढले जाताय.

घरी खुर्चीवर बसताना, अंथरुणात कूस बदलतानाही तसंच दुखत असेल, तर दोष एकट्या सीटचा नाही. मग शेवटचा भाग आधी वाचा.

कंबर का धरते

उभं असताना कमरेला आत जाणारा एक नैसर्गिक बाक असतो. बसलं की कटीचं हाड मागं कलतं आणि हा बाक सपाट होतो. सीट मऊ, खोलगट असेल तर तो उलटाच होतो. मणक्यांमधल्या गाद्यांवर पुढच्या बाजूनं दाब येतो, मागचे बंध ताणले जातात आणि तासभर ताणलेलेच राहिले की सैल पडतात. त्यात गाडीचे हादरे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देतो, आणि खराब रस्त्यावर चालणारी गाडी नेमके त्याच पट्ट्यातले हादरे देते. म्हणून दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत न दुखणारी कंबर चार तासांच्या गाडीत दुखते.

या दोन गोष्टी डोक्यात ठेवा: बाक टिकवायचा, आणि एका स्थितीत फार वेळ राहायचं नाही. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सीट लावायचा क्रम

हे काम घाईत, निघता निघता करू नका. सपाट जागी गाडी बंद करून, खिसे रिकामे करून, रोज गाडी चालवताना घालता तीच पादत्राणं घालून बसा. (कोल्हापुरी पायताण घालून लांबचा प्रवास चालवूच नये असं माझं ठाम मत आहे. कडक तळव्याखाली क्लचचा अंदाज येत नाही, आणि पाय सावरण्यात कंबरही वाकडी होते.)

पहिलं काम बैठकीचं. दोन्ही पाय जमिनीवर रोवून, हातांनी थोडं उचलून घेऊन कुल्ले सीटच्या पार मागच्या कोपऱ्यात घाला. बहुतेक जण पाठ टेकवतात पण बैठक चार बोटं पुढंच ठेवतात, आणि मग कमरेमागं पोकळी राहते. बैठक मागं गेल्याशिवाय पुढचं काहीही लावण्यात अर्थ नाही.

मग उंची. सीट वरखाली होत असेल तर कुल्ल्याचं हाड गुडघ्यांच्या बरोबरीनं किंवा किंचित वर येईल इतकी वर घ्या. डोकं आणि छत यात मूठभर जागा राहिली पाहिजे. आपल्याकडं अनेक जण सीट सगळ्यात खाली ठेवून चालवतात. त्यानं गुडघे वर येतात आणि बाक मोडतो.

मग पुढं-मागं. क्लच पूर्ण दाबा. तळ गाठल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, आणि दाबताना कंबर सीटवरून सुटता कामा नये. ब्रेकचंही तसंच बघा. गुडघ्याची मागची खोबण आणि सीटची कड यात दोन-तीन बोटं सरकली पाहिजेत. बोटं जात नसतील तर सीट तुमच्यासाठी लांब आहे. उंचीनं लहान असलेल्या अनेक बायकांची हीच अडचण असते: पाय पोचावा म्हणून त्या सीटच्या पुढच्या कडेवर बसतात आणि पाठीला आधारच उरत नाही. अशांनी खाली उशी घेण्याआधी पाठीमागं कमरेपासून खांद्यापर्यंत जाणारी, सपाट आणि घट्ट उशी घेऊन बघावी.

आता सीटची पाठ. काटकोनापेक्षा थोडी मागं, म्हणजे १०० ते ११० अंशांपर्यंत. ताठ ९० अंशांत बसलेला माणूस दहा मिनिटांत पुढं झुकतोच, आणि फार रेलून बसलं तर मान पुढं काढावी लागते. शिवाय रेललेल्या माणसाचा सीटबेल्टचा पट्टा अपघातात पोटावर सरकतो, ते फार धोक्याचं. कोन बरोबर आहे का ते असं बघा: खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढं करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. खांदा सुटत असेल तर पाठ थोडी उभी करा.

स्टिअरिंग वरखाली, पुढं-मागं होत असेल तर ते आता जुळवा. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यात निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, कारण तिथून एअरबॅग येते. लंबर सपोर्टचा, म्हणजे कमरेच्या आधाराचा, लिव्हर असेल तर शून्यापासून सुरुवात करून एकेक घर वाढवा. आधार जाणवला की थांबा, कारण जास्त झाला की तोच टोचतो. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या टोकाच्या आसपास हवी, मानेशी नव्हे.

आरसे सगळ्यात शेवटी. नीट बसलेले असताना मधला आरसा लावलात की तो पुढं तुमचा पहारेकरी होतो. तासाभरानं मागची काच पूर्ण दिसेनाशी झाली तर आरशाला हात लावू नका. तुम्ही घसरलाय, वर सरकून बसा.

एवढं झालं की पुन्हा क्लच दाबून बघा. उंची बदलली की पायाचं अंतर बदलतं, पाठीचा कोन बदलला की हाताचं. दोन फेऱ्यांत जुळून येतं. घरात एकच गाडी दोघं चालवत असाल तर आपापल्या सीटची घरं मोजून ठेवा, किंवा रुळावर मार्करनं खूण करा. नाहीतर नवऱ्याच्या मापाच्या सीटवर बायको रोज पाच मिनिटांच्या अंतरासाठी म्हणून तशीच बसते, आणि ती पाच मिनिटं महिन्याच्या महिने साठत जातात.

सीट मेली आहे का, हाताने तपासा

गाडी पाच-सात वर्षांची असेल तर हे कराच. दार उघडून बाहेर उभे राहा. सीटच्या बैठकीवर आडवी एक सपाट फळी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांवर तळहातानं सारखा जोर द्या. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू जास्त खाली जाते का? चढता-उतरताना रोज त्याच कडेवर वजन पडतं, म्हणून ती आधी बसते. मग फळी काढून मूठ मधोमध दाबा. खाली कडक काहीतरी लागलं, म्हणजे तार किंवा पत्रा, तर फोमनं काम सोडलंय. शेजारच्या सीटवर तसंच दाबून बघा. ती कमी वापरलेली असते, त्यामुळं फरक हाताला लगेच कळतो.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला सीटकाम करणाऱ्या एका मामांकडं मी नातेवाइकांची जुनी हॅचबॅक घेऊन गेलो होतो. त्या नातेवाइकांच्या उजव्या कुल्ल्यात कायम दुखायचं. मामांनी सीट सोडवली, पालथी घातली, पक्कडीनं कव्हरच्या कड्या एकेक करून काढल्या. आतला फोम तपकिरी पडलेला, बोट फिरवलं की पिवळा चुरा हाताला लागत होता. त्याखालच्या नागमोडी तारांपैकी दाराकडच्या तारेचा आकडा चौकटीतून निसटून लोंबत होता. मामा म्हणाले, "ह्यो फोम मेलाय बघा दादा. वरनं कितीबी गुबगुबीत कव्हर घाला, बसणार खालीच." त्यांनी आकडा जागेवर बसवून पक्का केला, तारांवर जाड कापडाचा थर घातला, आणि बैठकीच्या मापानं नवा फोम कापून मांडीच्या कडेला उतार देत बसवला.

फोम बदलणार असाल तर डेन्सिटी विचारा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. ४० किंवा त्यावरचा फोम घ्या, हलका फोम पहिल्या दिवशी मऊ लागतो आणि लवकर बसतो. "मऊ करून द्या" असं सांगू नका. बसल्यावर थोडासा दबून थांबला पाहिजे. काम झाल्यावर पैसे देण्याआधी त्याच सीटवर तिथंच पंधरा-वीस मिनिटं बसून बघा, आणि उंची किती वाढली ते क्लच दाबून तपासा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सीटच्या बाजूला एअरबॅगचा टॅग असेल, किंवा सीटखाली पिवळ्या रंगाच्या वायरी-कनेक्टर दिसत असतील, तर ती सीट रस्त्यावरच्या कारागिराकडून सोडवून घेऊ नका. ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करा. अशा सीटवर जाड, बाजूनं बंद शिवलेलं कव्हरही चालत नाही, एअरबॅगला बाहेर पडायची वाट राहत नाही.

कव्हरचंच निघालं म्हणून: नवी गाडी घेतल्या घेतल्या चढवलेलं, ताणून बसवलेलं रेक्झिनचं कव्हर सीटचा मूळ आकार झाकून टाकतं. कमरेचा उंचवटा आणि कडेचे आधार सपाट होतात. नवी गाडी आणि दुखणं एकदमच सुरू झालं असेल, तर आठवडाभर कव्हर काढून चालवून बघा. मण्यांच्या आसनानं घाम कमी येतो, पाठीला आधार मिळत नाही.

टॉवेल आधी, उशी नंतर

कमरेचा आधार घरच्या टॉवेलनं तपासता येतो. आंघोळीचा मध्यम टॉवेल उभा दुमडून घट्ट गुंडाळा. गुंडाळी दाबल्यावर साधारण तीन-चार बोटं जाड राहिली पाहिजे. दोन्ही टोकांना रबर लावा, आणि नाडीनं हेडरेस्टच्या दांड्यांना बांधून खाली सोडा म्हणजे ती घसरत नाही. जागा: पँटच्या पट्ट्याच्या रेषेत किंवा दोन बोटं वर. फार वर गेली तर ती बरगड्यांना पुढं ढकलते आणि कंबर आणखी पोकळ राहते. फार खाली गेली तर बैठकच पुढं सरकवते. दोन-तीन दिवस जाडी कमी-जास्त करत शहरातल्या शहरात फिरा. आराम वाटला तर त्या मापाची तयार उशी घ्या. टॉवेलनं दुखणं वाढलं तर उशीनंही वाढणार, पैसे वाचले.

बैठकीखाली घ्यायची उशी घट्ट, खालून न घसरणारी आणि फार तर दोन बोटं जाडीची असावी. सीट मागच्या बाजूला खोल असेल तर मागं जाड आणि पुढं पातळ होत जाणारी उशी कामाची. घरातली कापसाची उशी, मऊ जाड गादी नकोच. ब्रेक लागला की माणूस तिच्यावरून पट्ट्याखाली घसरतो. कोणतीही उशी घेतल्यावर पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवरच बसतो ना, ते बघा. सुटी उशी पॅडलकडं घरंगळणार नाही याचीही खात्री करा.

वाटेत

तास-सव्वा तासानं उतरायचं, दुखत असो वा नसो. पुण्याच्या रस्त्यावर कराड, मग साताऱ्याच्या पुढं आनेवाडीच्या आसपास, मग शिरवळ अशा जागा सोयीच्या पडतात. कोकणाच्या बाजूला घाट सुरू होण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा थांबा. चहाच्या टेबलाशी पुन्हा बसू नका, चहा उभ्यानं प्या.

उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर फिरवा, मग उभे राहा. एक पाय बाहेर टाकून कंबर पिळत उतरणं ही उसण भरायची हमखास वाट. चढतानाही आधी बसा, मग पाय आत घ्या. उतरल्यावर आधी दोन-तीन मिनिटं चाला. मग पाय खांद्याइतके फाकवून, तळहात कमरेवर ठेवून, सावकाश मागं वाका, पाच-सहा वेळा. मग एक पाय मोठं पाऊल टाकून पुढं घ्या, मागचा गुडघा सरळ ठेवून जांघेचा पुढचा भाग ताणू द्या, दोन्ही बाजूंनी वीस-तीस सेकंद.

मागं वाकताना एक खूण लक्षात ठेवा. पायात गेलेली कळ वर कमरेकडं सरकत असेल तर व्यायाम योग्य दिशेनं आहे. कळ पायात आणखी खाली उतरत असेल तर लगेच थांबा.

पोचल्या पोचल्या डिकीतून बॅगा, तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन उचलायला वाकू नका. चार तास ताणलेले बंध त्या क्षणी सर्वांत कच्चे असतात. घरातल्यांना सांगा, किंवा थोडं चालून मग गुडघे वाकवून, वस्तू अंगाशी धरून उचला.

घाटात डावा पाय क्लचवर अधांतरी ठेवू नका. डावीकडं पाय टेकवायची जागा असेल तर गिअर बदलून झाला की तिथं टेकवा, वळणावर कंबर हलत नाही. मागं बसलेल्या आई-वडिलांचाही विचार करा. छोट्या गाडीची मागची सीट खोल असते, गुडघे छातीशी येतात. शक्य असेल तर वयस्कर माणसाला पुढं बसवा.

टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणं भरा. "लांब जायचंय, दोन पॉइंट जास्त मार" या सवयीनं प्रत्येक खड्डा सरळ कमरेत येतो. गतिरोधकावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर शॉकअप दाखवून घ्या.

उसण भरलीच तर

पहिल्या दोन दिवसांत पलंगावर पडून राहू नका. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या की बऱ्याच जणांना आराम पडतो. तसं पंधरा-वीस मिनिटं, मग उठून घरातल्या घरात चालणं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून शेका. रक्तदाब, मधुमेह, पित्ताचा किंवा किडनीचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन गाडी चालवू नका. आणि गाडी चालवण्याआधी उभ्या गाडीत ब्रेक जोरात दाबून बघा. कळ येऊन पाय मागं येत असेल तर किल्ली दुसऱ्याकडं द्या.

आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात, हाडवैद्याकडं पाठ मोडून घेतात. तालमीतली मंडळी "चार जोर मार, मोकळी होईल" म्हणतात. मायेनंच सांगतात सगळे. पण पायात मुंग्या किंवा कळ असताना पाठीवर झटका, पिळा किंवा जोर-बैठका नकोत. गादी सरकलेली असेल तर नस आणखी दबू शकते. तालमीत परतायचंच आहे, पण दुखणं निवल्यावर, आणि आधी पाठीवर झोपून कंबर उचलणं, रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय ताणणं असल्या सौम्य व्यायामांनी. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर मोकळ्या हातानं चालणं कमरेला फार मानवतं.

डॉक्टरांकडं कधी

साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते, त्यासाठी पहिल्याच दिवशी एमआरआय लागत नाही. चार-सहा आठवड्यांत फरक नसेल, किंवा कळ गुडघ्याखाली उतरत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पण काही लक्षणांत एक दिवसही थांबायचं नसतं. जांघेत, बैठकीच्या जागी बधिरता. लघवी अडणं किंवा कळत-नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं. पाऊल उचलता न येणं, चप्पल पायातून निसटणं. कंबरदुखीबरोबर ताप किंवा विनाकारण वजन घटणं. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी कंबरदुखी. रात्री झोपेतून उठवणारी, कोणत्याही कुशीवर न थांबणारी कळ. लांब प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली तर ते दुखणं कमरेतल्या नसेचं नसेलही, शिरेत रक्ताची गाठ असू शकते. लघवीच्या त्रासासकट बरगडीखालून जांघेकडं येणारी कळ मुतखड्याचीही असते. बधिरता आणि लघवीची लक्षणं असतील तर रात्र असली तरी कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, आणि तिथं पहिल्याच वाक्यात लघवी आणि बधिरतेबद्दल सांगा. कंबर किती दुखते ते नंतर.